तीन मिलिमीटर आत

पहिला आलेख मी सरांसमोर ठेवला तेव्हा त्यात टंगस्टनच्या फरशीचा पृष्ठभाग साठ हजार अंशांवर गेलेला होता, आणि त्याच क्षणी दोन मिलिमीटर आत मात्र साधं खोलीतलं तापमान होतं. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो आणि साडेपाच हजारांच्या पुढे उकळतो. म्हणजे माझ्या हिशेबाप्रमाणे वरचा पापुद्रा वाफ होऊन उडाला होता आणि खालच्या धातूला त्याचा पत्ताही नव्हता. जानेवारीचा महिना, गड्ड्याची यात्रा सुरू झालेली. केगावला विद्यापीठात त्या दिवशी आम्ही चारपाच जणच होतो. सरांनी आलेख बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, "इलेक्ट्रॉन थांबला कुठे?"

"भिंतीवर, सर."

"वर, की आत?"

मला सांगता आलं नाही. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा माझा प्रकल्प संलयन अणुभट्टीच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा काढणाऱ्या भट्टीच्या, भिंतीवर होता आणि त्या भिंतीबद्दलची सर्वांत साधी गोष्ट मी स्वतःला विचारलेलीच नव्हती.

विषय मीच मागून घेतला होता. टोकामॅक ही अशीच एक भट्टी, म्हणजे कडं केल्यासारखं पोकळ भांडं. त्यात चुंबकाच्या जोरावर कोट्यवधी अंशांचा प्लाझ्मा, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, भिंतीला न लागता फिरता ठेवायचा आणि त्यातूनच मोठा विद्युतप्रवाह वाहवायचा. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून उभारत असलेल्या आयटर या टोकामॅकमध्ये हा प्रवाह दीड कोटी अँपिअरपर्यंत जाणार आहे. आपला देश २००५च्या डिसेंबरपासून त्यात सहभागी आहे. त्याचं बाहेरचं प्रचंड निर्वात भांडं, क्रायोस्टॅट, त्याचे भाग गुजरातेत हाजिऱ्याला तयार झाले. हे वाचल्यापासून मला त्या यंत्राबद्दल आपलेपणा वाटायला लागला होता.

अडचण येते ती प्लाझ्मा बिथरतो तेव्हा. त्याला डिसरप्शन म्हणतात. हजारांश सेकंदात प्लाझ्मा थंड पडतो, आणि थंड प्लाझ्माचा विद्युतरोध गरम प्लाझ्मापेक्षा कितीतरी जास्त असतो. प्रवाहाला अचानक वाट अडली की तो गप्प मरत नाही. चालत्या मोटारीची वायर उपसली तर ठिणगी उडते, ती याचमुळे. टोकामॅकमध्ये त्या ठिणगीच्या जागी संपूर्ण कड्याभोवती विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते इलेक्ट्रॉनना पुढे ढकलू लागतं.

इथपर्यंत मला पुस्तकातून कळलं होतं. पुढची गोष्ट पटायला मात्र वेळ लागला. आपल्या अनुभवात वेग वाढला की अडथळाही वाढतो. स्कूटरवर वारा तोंडावर बसतो तसा. प्लाझ्मातल्या वेगवान इलेक्ट्रॉनचं उलटं असतं. नवी पेठेतून रमतगमत चाललेल्या माणसाला ओळखीचा प्रत्येक जण थांबवतो. धावत सुटलेल्याला कोणी हाक मारेपर्यंत तो पुढच्या चौकात पोचलेला असतो. इलेक्ट्रॉन जितका वेगात, तितका तो प्रत्येक शेजाऱ्याजवळ कमी वेळ राहतो आणि तितका कमी अडतो. एका मर्यादेपलीकडे विद्युतक्षेत्राची ढकल अडथळ्याला मागे टाकते, आणि मग त्याला आवरणारं काही उरत नाही. ड्रायसर यांनी १९५९मध्ये हे मांडलं. इंग्रजीतलं नाव रनअवे इलेक्ट्रॉन. मी माझ्या वहीत "उधळलेले" असं लिहिलं, कारण गावाकडे बैल उधळलेला मी पाहिला आहे. त्याच्या मागे धावून उपयोग नसतो.

त्यात भर म्हणजे एक उधळलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या शांत इलेक्ट्रॉनला धडकला की त्यालाही मर्यादेपलीकडे ढकलू शकतो. एकाचे दोन, दोनाचे चार. रोझेनब्लुथ आणि पुटविन्स्की यांनी १९९७मध्ये दाखवलं की मूळ प्रवाह जितका मोठा, तितकी ही वाढ घातांकी पद्धतीने फुगते. गांधीनगरजवळच्या आपल्या आदित्य टोकामॅकसारख्या लहान यंत्रात हा गुणाकार फारसा होत नाही. आयटरच्या आकाराला तोच खरा घोर आहे: दीड कोटी अँपिअरपैकी एक कोटीपर्यंतचा प्रवाह अशा इलेक्ट्रॉनच्या हाती जाऊ शकतो, असं गृहीत धरून तिथली तयारी चालते.

एक कोटी अँपिअर म्हणजे नेमके किती इलेक्ट्रॉन? आयटरची मोठी त्रिज्या, म्हणजे कड्याच्या केंद्रापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंतचं अंतर, ६.२ मीटर. प्रकाशाच्या वेगाने त्या कड्यात फिरणारे इलेक्ट्रॉन मोजले तर आठावर अठरा शून्यं एवढी संख्या येते. त्यांचं स्थिर वस्तुमान ग्रॅमच्या एक अब्जांशाच्या सातपट. प्रत्येकाची ऊर्जा एक कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट (एकेका कणाची ऊर्जा मोजायचं माप) धरली तर एकूण सुमारे एक कोटी तीस लाख ज्यूल. मी ते विजेच्या युनिटमध्ये फिरवून पाहिलं: साडेतीनच्या जरा वर. उन्हाळ्यात आमच्या घरचा कूलर सकाळपासून रात्रीपर्यंत चालला की तेवढी युनिटं पडतात. सर्वांत उशिरा वितळणाऱ्या धातूला कूलरच्या एका दिवसाची वीज भोकं पाडते, हे मला त्या रात्री खरं वाटेना, म्हणून मी हिशेब तीनदा केला. प्रत्यक्षात प्रवाहाभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जाही शेवटच्या क्षणी यात मिसळते आणि आकडा कितीतरी वाढू शकतो, हे सरांनी नंतर सांगितलं.

माझी चूक कुठे होती ते उत्तर मला आधीच एकदा मिळालेलं होतं, पण वेगळ्या ठिकाणी. काही वर्षांपूर्वी आत्याचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि नंतर छातीला शेक द्यायचा होता. मी तिच्यासोबत सोलापुरातल्याच एका रुग्णालयात जायची, बाहेरच्या बाकावर बसायची. तिथे यंत्राचं गणित बघणाऱ्या एक ताई होत्या. आत्या फार घाबरली होती. आत फुफ्फुस आहे, हृदय आहे, ते भाजेल का, असं सारखं विचारायची. ताईंनी तिला समजावलं होतं, "आत्या, हे इलेक्ट्रॉन आहेत. हे ठरावीक खोलीपर्यंत जातात आणि थांबतात. खालचं फुफ्फुस त्यांच्या वाटेत येईपर्यंत त्यांची ताकद संपलेली असते."

सरांचा प्रश्न ऐकून चार दिवसांनी मला ते आठवलं आणि मी त्या ताईंना भेटायला गेले. त्यांनी ओळखलं, आत्याची चौकशी केली आणि कागदाच्या चिठ्ठीवर एक ठोकताळा लिहून दिला: इलेक्ट्रॉनची ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पटीत घ्यायची, निम्मी करायची, तेवढे सेंटिमीटर तो पाण्यात जातो. एक कोटीला पाच सेंटिमीटर. शरीर बरंचसं पाण्यासारखंच. "तुझा टंगस्टन पाण्याच्या एकोणीस पट जड आहे ना? मग भाग दे." पन्नास मिलिमीटर भागिले १९.३ म्हणजे अडीचच्या जरा वर. घरी येऊन अमेरिकेतल्या एनआयएसटी संस्थेच्या ईस्टार तक्त्यातून नीट काढलं तेव्हा तीन मिलिमीटरच्या थोडं पुढे आलं. बेरिलियममध्ये आणि ग्राफाइटमध्ये तर तीन-तीन सेंटिमीटर.

म्हणजे ज्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आत्याच्या बरगड्यांवर मोजूनमापून सोडले होते, त्याच ऊर्जेचे इथे मोजमापाशिवाय सुटतात. आणि ते भिंतीवर आदळून तिथेच राहत नाहीत. भिंतीत शिरतात, आणि आतल्या आत तापवतात.

ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मी पुरती विसरले असते. क्ष-किरण हवे असतील तेव्हा त्यांच्या यंत्रात इलेक्ट्रॉनच्या वाटेत टंगस्टनचाच तुकडा घालतात. जड अणूजवळून जाताना इलेक्ट्रॉन वळतो आणि क्ष-किरण टाकतो. मग भिंतीचंही तसंच होणार. तक्ता पाहिला: एक कोटीच्या इलेक्ट्रॉनची साधारण तीस टक्के ऊर्जा टंगस्टनमध्ये क्ष-किरण होऊन निघून जाते, बेरिलियममध्ये अगदी थोडी. टोकामॅकजवळचे क्ष-किरण मोजणारे डिटेक्टर याच खुणेवरून उधळलेल्या इलेक्ट्रॉनची वर्दी देतात. मी एक कोटी तीस लाखांतून तीस टक्के वजा केले आणि नव्वद लाख ज्यूल धरून पुन्हा बसले.

मधल्या काळात मामाकडे गेले. मामाचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत आरगॉन वेल्डिंगचं काम आहे. सूत रंगवणाऱ्यांसाठी स्टीलच्या टाक्या करतो. आरगॉन वेल्डिंगचा रॉड टंगस्टनचाच. लहानपणापासून ते लाल टोकाचे रॉड मी पेन्सिलीसारखे हाताळले होते, पण त्यातला टंगस्टन वितळताना कधी पाहिला नव्हता. नेहमीच्या कामात रॉड ऋण बाजूला असतो. इलेक्ट्रॉन त्यातून निघतात आणि टाकीच्या पत्र्यावर पडतात, म्हणून पत्रा वितळतो आणि रॉडचं टोक टोकदार राहतं.

"मामा, एकदा उलटं लावून बघायचं?"

"काय करायलीस गं? रॉड खाईल की तो."

"तेच बघायचंय."

मामाने साठ अँपिअरवर मशिन लावलं, वायरी बदलल्या, मला हेल्मेट दिलं. ठिणगी धरली आणि काचेतून बघता बघता टोकाचा मणी झाला. अडीच मिलिमीटर जाडीच्या रॉडच्या टोकाला गोल, थरथरता थेंब. एवढा चिवट धातू तुपासारखा गोळा झाला. आता इलेक्ट्रॉन रॉडवर पडत होते, आणि ते जिथे पडतात तिथे उष्णता. मामाच्या मशिनमध्ये एकेका इलेक्ट्रॉनची ऊर्जा दहा-पंधरा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातली असते, म्हणून सगळं कातडीवर घडतं. टोकामॅकमधल्याची ऊर्जा त्याच्या दहा लाख पट.

मी मामाला सांगितलं की त्या फरशीच्या मागे तांब्याच्या मिश्रधातूची नळी असते आणि तिच्यातून पाणी वाहतं. त्याने हेल्मेट वर केलं. "मग वरून बघून काय कळणार? फरशी साबूत दिसंल, नळी गेली असंल." टाक्यांच्या गळती शोधण्यात त्याची तीस वर्षं गेली आहेत. मला वाटतं, माझ्या प्रबंधातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य त्याने तिथे उभ्या उभ्या सांगितलं. फ्रान्समधल्या तोर सुप्रा यंत्रात १९९०च्या दशकात नेमकं असंच घडलं होतं: उधळलेले इलेक्ट्रॉन पाण्याने थंड होणाऱ्या लिमिटरवर, म्हणजे प्लाझ्माची कड अडवणाऱ्या भागावर, आदळले आणि पाण्याची गळती झाली.

फेब्रुवारी-मार्च सगळा संगणकावर गेला. फरशीचे पातळ थर करायचे, प्रत्येक थरात किती उष्णता पडते आणि शेजारच्या थराला किती जाते ते पायरीपायरीने मोजायचं. वेळेची पायरी मी आधी एक मिलिसेकंदाची घेतली आणि काही थरांचं तापमान उणे चार लाख अंश आलं. निसर्गात उणे २७३च्या खाली काहीच नसतं. थर पाच शतांश मिलिमीटरचा असेल तर पायरी अठरा मायक्रोसेकंदांहून लहान हवी, हे सूत्र समजून घेण्यात आठवडा गेला. दुपारी वीज जायची, चालू असलेला हिशेब जायचा. मग मी रात्री काम करू लागले.

आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी मला आजही सर्वांत विलक्षण वाटते. टंगस्टन उष्णता चांगली वाहून नेतो, पण एका मिलिसेकंदात ती सरकते पाव मिलिमीटर. बस. तीन मिलिमीटर खोलीपर्यंत एकदम पडलेल्या उष्णतेला त्या वेळात पळायला जागाच नसते. जिथे पडली तिथेच ती राहते. म्हणून पहिल्या क्षणापुरता सगळा संगणक बाजूला ठेवून बोटांवरही हिशेब होतो: एक घन मिलिमीटर टंगस्टनला वितळबिंदूपर्यंत न्यायला सुमारे दहा ज्यूल लागतात.

मग मी जागा बदलत गेले. नव्वद लाख ज्यूल अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, म्हणजे मोठ्या पाटाएवढ्या जागेवर पडले तर एका घन मिलिमीटरच्या वाट्याला बारा ज्यूल येतात. तीन मिलिमीटरचा थरच्या थर वितळबिंदूला पोचतो आणि वितळू लागतो. तीच ऊर्जा आपल्या सोलापुरी चादरीएवढ्या जागेवर, पाच फूट बाय साडेसात फूट, पसरली तर एका घन मिलिमीटरला एक ज्यूलही येत नाही. तापमान सरासरी साडेतीनशे अंशांनी वाढतं आणि धातू जागचा हलत नाही. पाट आणि चादर. घरात ज्या दोन वस्तू रोज हाताळते त्यांच्यामधल्या फरकावर ती भिंत वाचणार की जाणार हे ठरतं. आईला मी हे चादर पसरून दाखवलं, आणि तिला ते लगेच समजलं.

मधला प्रसंग मात्र फसवा निघाला. एक चौरस मीटर जागा घेतली. पुढचा भाग बाराशे अंशांजवळ थांबला, वितळला नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि हिशेब पुढे चालू ठेवला. आघात संपून गेल्यावर उष्णता मागे सरकू लागली, आणि आठ मिलिमीटर मागच्या तांब्याजवळ अर्ध्या सेकंदाच्या आत तापमान चारशेच्या आसपास पोचलं. नळीच्या त्या मिश्रधातूला साडेतीनशेच्या वर ठेवू नये असं मानतात. पाणी ओढून नेणारी उष्णता मी या पहिल्या हिशेबात धरली नव्हती, ती धरल्यावर आकडा खाली आला, पण उशिराने येणारा तो धक्का तसाच राहिला. मामाचं वाक्य मला आलेखात दिसत होतं.

वितळून पुन्हा थिजलेला टंगस्टनही पूर्वीचा राहत नाही. त्याचे कण मोठे होतात, तो ठिसूळ होतो, भेगा पडतात. बेरिलियम तर १,२८७ अंशांनाच वितळतो. इंग्लंडमधल्या जेट यंत्रात २०११पासून बेरिलियमची भिंत होती. उधळलेल्या इलेक्ट्रॉननी वितळून ओघळलेल्या तिथल्या फरशांची छायाचित्रं मी प्रबंधात लावली. २०२३मध्ये आयटरने आतल्या भिंतीसाठी बेरिलियम सोडून टंगस्टनची वाट धरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेट कायमचं बंद झालं, आणि शेवटच्या दिवशी तिथल्या लोकांनी मुद्दाम इलेक्ट्रॉनचा झोत आतल्या भिंतीवर सोडला, कारण आता यंत्र जपायचं नव्हतं आणि ही इजा नीट अभ्यासायला मिळणार होती. चाळीस वर्षं चालवलेल्या यंत्राचा शेवटचा दिवस असा पुढच्यांसाठी खर्च करावा, याने माझा गळा भरून आला होता.

तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "यावर उपाय काय? की नुसती इजा मोजायची?" मी सांगितलं की गोठवलेल्या वायूच्या गोळ्या फोडून प्लाझ्मात सोडायची योजना आयटरसाठी आहे. आणि जेट व अमेरिकेतल्या डीआयआयआय-डी यंत्रांवर दिसलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: उधळलेला झोत तयार झाल्यावरही त्यात ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, सोडलं तर मागचा थंड प्लाझ्मा विरळ होतो, झोत एकदम अस्थिर होऊन विस्कटतो आणि इलेक्ट्रॉन एका जागी न पडता भिंतभर पसरतात. "म्हणजे पाटावरून चादरीवर," मी म्हणाले. मग त्यांना पाट आणि चादर समजावून सांगावी लागली. त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "तुम्ही इलेक्ट्रॉन भिंतीवर सरळ आदळवलेत. ते तसे येतात का?"

येत नाहीत. ते चुंबकीय रेषेला धरून येतात आणि भिंतीला अगदी तिरपे, घासत लागतात. तिरप्या वाटेने तीन मिलिमीटर चाललेला इलेक्ट्रॉन सरळ खोलीत तितका उतरत नाही. वर टंगस्टनच्या जड अणूंवरून काही उलटे फिरून बाहेरही पडतात. माझ्या थरांच्या हिशेबात कोनाला जागा नव्हती, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

गुण चांगले मिळाले. संध्याकाळी पेढे घेऊन मामाकडे गेले. त्याने तो मणी झालेला रॉड फेकला नव्हता, ग्राइंडरजवळच्या डब्यात ठेवला होता. मला देताना त्याने विचारलं, "मग, नळी वाचली का?"

सध्या कोन घालून तोच हिशेब पुन्हा मांडते आहे. पहिल्यांदा पाच अंश घेतला आहे.